हॅरिएट बीचर स्टो आणि दुभंगलेला देश

१८६२ सालच्या अखेरीस वॉशिंग्टन येथे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या भेटीस एक ठेंगणी, साध्या पोशाखातील बाई गेली होती. एवढे मोठे युद्ध जिने पेटविले ती बाई हीच काय, असे लिंकन तिला विनोदाने म्हणाले, ही आख्यायिका पुष्कळांनी ऐकली असेल. भेट झाली होती हे खरे. ते उद्गार मात्र त्या वेळी कोणी लिहून ठेवल्याचे आढळत नाही. बाई वारल्या त्या १८९६ सालाच्या सुमारास ते प्रथम छापून आले. एका पुस्तकाने युद्ध पेटले असे मानणे सोपे जाते, कारण मग बाकी कोणाला जाब द्यावा लागत नाही. या बाईंचे आयुष्य नीट पाहिले तर दिसते, की ते पुस्तक लिहिले जाण्यापूर्वी निदान वीस वर्षे अमेरिकेतील शाळा, छापखाने आणि सर्वांत आधी ख्रिस्ती मंडळ्या या प्रश्नावर दुभंगत चालल्या होत्या.

हॅरिएट यांचा जन्म १४ जून १८११ रोजी कनेक्टिकट राज्यातील लिचफिल्ड या गावी झाला. वडील रेव्ह. लायमन बीचर हे त्या काळचे नामांकित उपदेशक होते. हॅरिएट पाच वर्षांची असताना तिची आई रोक्साना क्षयाने वारली. घरात भावंडे पुष्कळ. पुढे सात भाऊ पाळक झाले. जेवणाच्या टेबलावर वादविवाद चालावा, मुलांनी बापाचे म्हणणे खोडून काढावे आणि बापाने त्यात आनंद मानावा, असे ते घर होते. थोरली बहीण कॅथरिन हिने हार्टफर्ड येथे मुलींची शाळा काढली. हॅरिएट तेथे शिकली आणि पुढे तेथेच शिकवू लागली.

त्या वेळी देशाची स्थिती काय होती ते थोडक्यात सांगितले पाहिजे. १७८७ साली घटना तयार झाली तेव्हा गुलाम या शब्दाचा उल्लेख टाळून गुलामगिरी राहू देण्यात आली. दर पाच गुलामांमागे तीन माणसे धरून दक्षिणेकडील राज्यांना लोकप्रतिनिधी सभेत जास्त जागा मिळाल्या. स्वतः मत देऊ न शकणारा गुलाम आपल्या मालकाचे राजकीय वजन वाढवीत होता! १७९३ मध्ये कापसातील सरकी काढण्याचे यंत्र निघाले आणि कापसाचा मळा फायद्याचा धंदा झाला. १७९० मध्ये सुमारे सात लाख असलेले गुलाम १८६० पर्यंत चाळीस लाखांच्या घरात गेले. १८२० साली मिझुरी राज्याच्या प्रवेशावरून मोठा वाद झाला, तेव्हा नव्या पश्चिम मुलुखात एक रेघ ओढून उत्तरेस गुलामगिरी नाही, दक्षिणेस चालेल, अशी तडजोड करण्यात आली. ती रेघ चौतीस वर्षे टिकली.

१८३२ साली लायमन बीचर ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे लेन सेमिनरीचे प्रमुख म्हणून गेले. हॅरिएटही त्यांच्याबरोबर गेली. शहर ओहायो नदीच्या काठी वसलेले. नदीच्या या तीरावर गुलामगिरीस बंदी, पलीकडे केंटकीत माणसांची खरेदी-विक्री. गुलाम नदी ओलांडून पळून येत आणि मालकांची माणसे त्यांना शोधीत रस्त्यांतून फिरत. दक्षिणेशी होणाऱ्या व्यापारावर शहराचे पोट असल्याने प्रतिष्ठित लोकांना या विषयाची चर्चा नको होती. १८३३ साली हॅरिएट एकदा पलीकडे केंटकीत जाऊन आली. जे पाहिले त्याविषयी ती त्या वेळी फारसे बोलली नाही, पण विसरलीही नाही.

१८३४ च्या फेब्रुवारीत लेन सेमिनरीच्या विद्यार्थ्यांनी थिओडोर वेल्ड या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने अठरा रात्री सभा भरविल्या. विषय होता, गुलामांना ताबडतोब मुक्त करावे की त्यांना आफ्रिकेत नेऊन वसवावे. बोलणाऱ्यांत दक्षिणेकडील मळेवाल्यांचे मुलगे होते आणि स्वतःच्या श्रमाने स्वतःला विकत घेऊन मुक्त झालेला एक जणही होता. विद्यार्थी ताबडतोब मुक्तीच्या बाजूने उभे राहिले आणि शहरातील कृष्णवर्णीयांसाठी शाळा चालवू लागले. विश्वस्त घाबरले. लायमन बीचर वर्गणी गोळा करण्यासाठी पूर्वेकडे गेलेले असताना त्यांनी असल्या चर्चांवर बंदी घातली. बहुतेक विद्यार्थी सेमिनरी सोडून गेले. त्यांपैकी बरेच पुढे ओबर्लिन येथे दाखल झाले, पण तेही कृष्णवर्णीयांना तेथे प्रवेश मिळावा या अटीवर. लायमन बीचर गुलामगिरीच्या विरुद्धच होते, परंतु हळूहळू, कोणाला न दुखवता हे काम व्हावे, असे त्यांचे मत. त्यांनी दोन्ही बाजूंना सांभाळण्याचा प्रयत्न केला आणि वर्ग रिकामे झाले. मुलीने हे सर्व घरातून पाहिले.

जानेवारी १८३६ मध्ये हॅरिएटचा विवाह सेमिनरीतील पवित्र शास्त्राचे प्राध्यापक कॅल्विन स्टो यांच्याशी झाला. ते विधुर होते, विद्वान होते आणि पैशाच्या बाबतीत अगदीच निरुपयोगी. त्याच वर्षी जुलैत शहरातील जमावाने गुलामगिरीविरोधी पत्राचे संपादक जेम्स बर्नी यांचा छापखाना फोडून यंत्र नदीत टाकले. हॅरिएटबाई तेव्हा गरोदर होत्या आणि पती युरोपात होते. त्यांचा भाऊ हेन्री एका वर्तमानपत्राचे काम तात्पुरते पाहत होता. त्यात त्यांनी पुरुषाचे टोपणनाव घेऊन मुद्रणस्वातंत्र्याच्या बाजूने लेख लिहिला. पुढल्या वर्षी, नोव्हेंबर १८३७ मध्ये, इलिनॉय राज्यातील ऑल्टन येथे रेव्ह. एलायजा लव्हजॉय या संपादकाला जमावाने आपला छापखाना राखताना गोळी घालून ठार केले. हॅरिएटबाईंचे बंधू एडवर्ड हे त्याचे स्नेही होते.

आता मंडळ्यांकडे वळू. १८३७ साली प्रेस्बिटेरियन मंडळी जुनी शाखा आणि नवी शाखा अशी फुटली. वाद मुख्यत्वे सिद्धान्ताचा होता, तरी गुलामगिरीचा प्रश्न त्यात मिसळलेला होता. १८४४ साली मेथडिस्टांच्या सर्वसाधारण परिषदेत जॉर्जियाचे बिशप अँड्र्यू यांच्या मालकीचे गुलाम असल्यावरून वाद झाला. त्यांनी पदाचे काम थांबवावे असे ठरताच दक्षिणेकडील मेथडिस्ट वेगळे निघाले. १८४५ साली बॅप्टिस्टही फुटले, आणि कारण होते गुलाम बाळगणाऱ्यास मिशनरी म्हणून पाठवावे की नाही हे! मेथडिस्टांची ही फूट १९३९ पर्यंत राहिली. प्रेस्बिटेरियनांचे दक्षिण-उत्तर ऐक्य १९८३ मध्ये झाले.

मुंबईस १८१३ साली गॉर्डन हॉल यांना पाठविणारे अमेरिकन बोर्ड, ज्याच्या श्रमांतून आपल्याकडील मराठी मिशन उभे राहिले, तेही या वादातून सुटले नाही. चेरोकी आणि चोक्टॉ या मूळ रहिवाशांच्या मंडळ्यांत गुलाम बाळगणारे सभासद होते. त्यांना मंडळीबाहेर काढावे, अशी मागणी झाली. बोर्डाने गुलामगिरीचा निषेध केला, पण सभासदत्वाच्या प्रश्नावर कडक पाऊल उचलले नाही. तेव्हा असंतुष्ट लोकांनी १८४६ साली अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही निराळी संस्था काढली. युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांसाठी दक्षिणेत शाळा आणि महाविद्यालये काढण्याचे फार मोठे काम याच संस्थेने केले.

दोन्हीकडे शास्त्र एकच होते. दक्षिणेकडील उपदेशक नोहाने कनानाला दिलेल्या शापाचा आधार घेत आणि फिलेमोनाला लिहिलेल्या पत्राकडे बोट दाखवून म्हणत, की पौलाने पळालेल्या अनेसिमाला धन्याकडे परत पाठविलेच ना? पौलाने त्याला बंधू म्हणून स्वीकारण्यास सांगितले होते, ही गोष्ट ते घाईने वाचून पुढे जात. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात पळून आलेल्या दासाला धन्याच्या हाती देऊ नये अशी आज्ञा आहे. अँडोव्हरचे थोर शास्त्री मोझेस स्टुअर्ट यांनी १८५० मध्ये असे प्रतिपादन केले, की ती आज्ञा मूर्तिपूजक राष्ट्रांतून आलेल्या दासांपुरती होती. हे स्टुअर्ट म्हणजे कॅल्विन स्टो यांचे गुरू. विद्वत्ता मोठी असली म्हणजे माणूस चुकीच्या बाजूस उभा राहत नाही, असे मुळीच नाही.

सिनसिनाटीत हॅरिएटबाईंनी अठरा वर्षे काढली. मुले, आजारपण, पैशाची चणचण आणि त्यातून मासिकांसाठी लिहिलेल्या गोष्टी, असा तो संसार होता. शहरापासून काही अंतरावर रिप्ली येथे रेव्ह. जॉन रँकिन राहत. त्यांच्या टेकडीवरील घराचा दिवा नदीपलीकडून दिसे आणि फरारी गुलाम त्या दिव्याच्या रोखाने येत. एक तरुण आई मूल कवटाळून वितळत चाललेल्या बर्फावरून नदी ओलांडून आली, ही हकीकत रँकिन यांच्याकडूनच स्टो कुटुंबास कळली. १८४९ च्या जुलैत शहरात पटकीची साथ असताना हॅरिएटबाईंचे दीड वर्षाचे मूल, चार्ली, दगावले. बाजारात जिचे मूल तिच्यापासून तोडून विकले जाते त्या आईला काय वाटत असेल, ते आपल्याला त्या लहानशा थडग्यापाशी कळले, असे त्यांनी पुढे लिहिले आहे.

१८५० साली पतीला मेन राज्यातील बोडन महाविद्यालयात जागा मिळाल्याने कुटुंब ब्रंझविक येथे गेले. तेच वर्ष देशाच्या दृष्टीने निर्णायक ठरले. मेक्सिकोकडून जिंकलेल्या मुलुखात गुलामगिरी न्यावी की नाही, यावर काँग्रेसमध्ये महिनोन् महिने वाद चालला. दक्षिणेचे पुढारी जॉन कॅल्हून मरणपंथाला लागले होते. त्यांचे भाषण ४ मार्च रोजी दुसऱ्या सभासदाने वाचून दाखविले. देशाला एकत्र बांधणारे दोर एकेक करून तुटत आहेत, असे सांगताना त्यांनी मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या फुटीचे उदाहरण दिले. मनुष्य गुलामगिरीचा कट्टर कैवारी, पण निदान अचूक केले होते. मंडळ्या एकत्र राहू शकल्या नाहीत, मग राज्ये कशी राहणार?

अखेर तडजोड झाली. कॅलिफोर्निया गुलामगिरीविना संघराज्यात आला आणि त्याच्या मोबदल्यात १८ सप्टेंबर १८५० रोजी फरारी गुलामांचा कडक कायदा झाला. या कायद्याने पळालेल्या माणसाला ज्यूरी नाही, स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याचा हक्क नाही. त्याला धन्याच्या हवाली केले तर कमिशनरला दहा डॉलर मिळत, सोडून दिले तर पाच! आसरा देणाऱ्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. सामान्य नागरिकानेही पकडण्याच्या कामी मदत केली पाहिजे, असे बंधन होते. आतापर्यंत उत्तरेतील सुखवस्तू ख्रिस्ती मनुष्य म्हणू शकत होता, की हे दक्षिणेचे पाप आहे, माझा काय संबंध? या कायद्याने ती सबब काढून घेतली. रात्री दारावर थाप पडली तर दार उघडावे की पोलिसास बोलवावे, हे आता प्रत्येक घराला ठरवावे लागणार होते.

एडवर्ड यांच्या पत्नीने हॅरिएटबाईंना पत्र लिहून कळविले, की तुमच्या हाती लेखणी आहे, तर साऱ्या देशाला ही गोष्ट किती शापित आहे ते जाणवेल असे काही लिहा. १८५१ च्या आरंभी एका रविवारी ब्रंझविकच्या मंडळीत प्रभुभोजनाची उपासना चालू असता त्यांच्या डोळ्यांसमोर एक वृद्ध गुलाम फटक्यांखाली प्राण सोडताना उभा राहिला, असे त्या पुढे सांगत. घरी जाऊन त्यांनी तो प्रसंग लिहून काढला. कादंबरीचा शेवट असा प्रथम लिहिला गेला.

‘अंकल टॉम्स केबिन’ ही कथा वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल इरा’ या साप्ताहिकात ५ जून १८५१ पासून क्रमशः येऊ लागली. तीन-चार आठवडे चालेल असे ठरले होते, ती १ एप्रिल १८५२ पर्यंत चालली. मोबदला तीनशे डॉलर. घरात तान्हे मूल, शाळेत जाणारी मुले, पाहुणे, आणि दर आठवड्यास हप्ता. २० मार्च १८५२ रोजी बोस्टनच्या जॉन जुएट यांनी पुस्तक दोन भागांत काढले. पहिली आवृत्ती पाच हजारांची. पहिल्या आठवड्यात दहा हजार प्रती गेल्या आणि वर्षात अमेरिकेत तीन लाख. इंग्लंडात त्याहूनही कितीतरी जास्त खपल्या, पण त्यांचा पैसा बाईंना जवळजवळ मिळाला नाही, कारण ग्रंथकर्त्याच्या हक्काचा कायदा समुद्रापलीकडे लागू नव्हता.

टॉमकाकाचे नाव पुढे अमेरिकेत लाळघोट्या मनुष्यासाठी शिवीसारखे वापरले जाऊ लागले. त्याला नाटकवाले पुष्कळसे जबाबदार आहेत. पुस्तकातील टॉम दुसऱ्या गुलाम बाईला फटके मारण्यास नकार देतो आणि लपलेल्या दोन स्त्रियांचा ठावठिकाणा न सांगता मार खाऊन मरतो. शब्बाथ शाळेत मुलांना ही कथा सांगताना हा भाग गाळू नये. तरीसुद्धा पुस्तकात दोष आहेतच. शेवटी जॉर्ज हॅरिस या बुद्धिमान तरुणाला लेखिका लायबेरियास पाठवून देते. मुक्त कृष्णवर्णीयांना या देशातच नागरिक म्हणून राहायचे होते, आणि त्यांच्या पुढाऱ्यांनी, फ्रेडरिक डग्लस यांनीही, ही नापसंती दाखविली. हॅरिएट जेकब्स या गुलामगिरीतून सुटलेल्या बाईने आपली कहाणी लिहिण्यासाठी त्यांची मदत मागितली असता, हॅरिएटबाईंनी तिची हकीकत तिला न विचारता तिच्या मालकिणीकडे खात्रीसाठी धाडली आणि ती आपल्याच पुढल्या पुस्तकात घालण्याचे सुचविले. जेकब्स यांना ते लागले. त्यांनी आपले पुस्तक स्वतः लिहिले आणि १८६१ साली प्रसिद्ध केले. परक्याच्या दुःखासाठी रडणारी माणसेसुद्धा त्या परक्याला स्वतःचे तोंड आहे हे कधीकधी विसरतात.

दक्षिणेत संताप उसळला. उत्तरादाखल वीसहून अधिक कादंबऱ्या निघाल्या, त्यांत गुलाम सुखी आणि धनी प्रेमळ. बाई खोटे लिहितात असा आरोप झाला, तेव्हा त्यांनी १८५३ साली न्यायालयांचे निकाल, वर्तमानपत्रांतील जाहिराती आणि साक्षी गोळा करून पुराव्यांचेच एक जाड पुस्तक छापले. मेरीलँडमध्ये सॅम्युएल ग्रीन या मुक्त कृष्णवर्णीय मेथडिस्ट उपदेशकाला घरात हे पुस्तक सापडल्याबद्दल १८५७ साली दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. तो सुटला १८६२ मध्ये, राज्य सोडून जाण्याच्या अटीवर.

आता घटना भराभर घडू लागल्या. १८५४ मध्ये सिनेटर स्टीफन डग्लस यांनी कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणला. १८२० ची रेघ पुसली गेली, आणि गुलामगिरी हवी की नको हे तेथील वसाहतवाल्यांनी मतांनी ठरवावे, असे झाले. हॅरिएटबाईंनी देशातील स्त्रियांना उद्देशून विनंतिपत्र छापले. न्यू इंग्लंडमधील तीन हजारांहून अधिक पाळकांच्या सह्यांचा अर्ज सिनेटपुढे गेला, त्यामागेही त्यांची धडपड होती. डग्लस यांनी पाळकांनी राजकारणात लुडबूड केल्याबद्दल आगपाखड केली. कायदा झालाच. त्याच वर्षी जूनमध्ये बोस्टनच्या रस्त्यांवरून अँथनी बर्न्स या फरारी गुलामाला सैन्याच्या पहाऱ्यात बंदरावर नेले, तेव्हा दुतर्फा हजारो लोक उभे होते.

कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंचे लोक हत्यारे घेऊन शिरले. हेन्री वॉर्ड बीचर हे आता ब्रुकलिनच्या प्लिमथ मंडळीचे प्रसिद्ध पाळक होते. त्यांच्या मंडळीने गुलामगिरीविरोधी वसाहतवाल्यांना बंदुका पाठविण्यासाठी पैसा उभारला, आणि त्या बंदुकांना लोक बीचरची बायबले म्हणू लागले. २२ मे १८५६ रोजी सिनेटच्या सभागृहात चार्ल्स सम्नर यांना दक्षिणेकडील एका सभासदाने काठीने बेशुद्ध होईपर्यंत झोडपले. दोनच दिवसांनी जॉन ब्राऊन याच्या टोळीने कॅन्ससमध्ये पाच जणांना रात्री घराबाहेर ओढून तलवारींनी ठार केले. १८५७ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉटच्या खटल्यात ठरविले, की कृष्णवर्णीय मनुष्य या देशाचा नागरिक होऊ शकत नाही आणि नव्या मुलुखात गुलामगिरीस बंदी घालण्याचा काँग्रेसला अधिकार नाही. तडजोडीची वाट न्यायालयाने बुजवून टाकली. १८५९ च्या ऑक्टोबरात जॉन ब्राऊनने हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर हल्ला केला आणि २ डिसेंबरला तो फाशी गेला. उत्तरेत कित्येकांनी त्याला हुतात्मा मानले, दक्षिणेत तो सैतान ठरला. १८६० च्या नोव्हेंबरात लिंकन निवडून आले. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटले आणि १२ एप्रिल १८६१ रोजी सम्टर किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या.

या वर्षांतच हॅरिएटबाईंवर दुसरा घाव पडला होता. जुलै १८५७ मध्ये त्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा हेन्री नदीत पोहताना बुडाला. युद्ध सुरू होताच दुसरा मुलगा फ्रेडरिक वैद्यकीचे शिक्षण सोडून सैन्यात भरती झाला.

युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, तेव्हा भाव कडाडले. खानदेश, वऱ्हाड आणि धारवाडकडील कापसाला मुंबईत सोन्याची किंमत आली, शेअरबाजाराचे वेड लागले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कित्येक घरे बुडाली. इंग्लंडात तर या कापसापायी दक्षिणेविषयी सहानुभूती वाढू लागली. १८५३ साली इंग्लंडातील पाच लाखांहून अधिक स्त्रियांनी सह्या करून गुलामगिरीविरुद्धचे विनंतिपत्र हॅरिएटबाईंच्या हाती दिले होते. त्याचे सव्वीस जाड खंड झाले होते. आता त्याच भगिनी गप्प का, असे त्यांनी जानेवारी १८६३ मध्ये एका मासिकातून जाहीरपणे विचारले. त्याच महिन्याच्या १ तारखेला मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला. त्या दिवशी त्या बोस्टनच्या संगीतगृहात होत्या. बातमी येताच लोकांनी त्यांच्या नावाचा गजर केला, आणि त्या सज्जाच्या कठड्याशी येऊन डोळे पुसत उभ्या राहिल्या.

सहा लाखांहून अधिक सैनिक मेल्यावर १८६५ मध्ये युद्ध संपले आणि त्याच वर्षी डिसेंबरात घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली. पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केले, ते या लढ्यातील लोक होत.

युद्धानंतर हॅरिएटबाई हिवाळ्यात फ्लोरिडातील मँडरिन येथे राहू लागल्या. तेथे मुक्त झालेल्यांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा उभारण्यास मदत केली. त्याच इमारतीत रविवारी कॅल्विन स्टो उपदेश करीत. उरलेले दिवस हार्टफर्डला. मार्क ट्वेन शेजारी होते. १८८६ साली पती वारले. पुढे बाईंची स्मृती गेली. शेजाऱ्यांच्या बागेतून फुले तोडीत त्या लहान मुलीसारख्या हिंडत. १ जुलै १८९६ रोजी त्यांचा अंत झाला. अँडोव्हर येथे पती आणि बुडालेला हेन्री यांच्याजवळ त्यांना पुरले आहे.

फ्रेडरिकला १८६३ च्या जुलैत गेटिसबर्ग येथे तोफगोळ्याचा तुकडा कानाशी लागला होता. ती जखम नीट भरली नाही आणि दारू सुटली नाही. आईने त्याच्यासाठी फ्लोरिडात कापसाचा मळा भाड्याने घेतला, तोही बुडाला. १८७१ साली तो जहाजाने कॅलिफोर्नियास गेला, सॅन फ्रान्सिस्कोस उतरला, आणि तेथून पुढे त्याचा काही पत्ता लागला नाही. हॅरिएटबाई पुढे पंचवीस वर्षे जगल्या.